सिनॉप्सिससोबत डेटाचं एक पान पण मागा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी अंबाजोगाईला राहते आणि पीएचडी (आणि बंद होईपर्यंत एमफिल) करणाऱ्या पोरापोरींना त्यांच्या सर्व्हेचं अॅनालिसिस करून देते, म्हणजे टेबल, ग्राफ, टी-टेस्ट वगैरे. असं काम करणारे प्रत्येक कॉलेजच्या गावात दोनचार असतातच, फक्त कोणी नाव घेत नाही (ऋणनिर्देशात सासरे, दीर, झेरॉक्सवाला सगळे असतात, आम्ही नसतो, चालायचंच). पत्र लिहायचं कारण असं की बारा-तेरा वर्षं लोकांच्या एक्सेल फाइली बघून बघून माझं एक मत पक्कं झालंय, की माहिती गोळा करायच्या आधीच ती कशी लिहायची आणि कुठे ठेवायची हे विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावं, आणि ते युनिव्हर्सिटीतल्या कोणाच्या तरी कानावर जावं असं वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी आली. सोयाबीन करणाऱ्या ४१२ शेतकऱ्यांचा सर्व्हे, फॉर्म भरायला चार पोरं लावली होती, फॉर्ममागे पैसे ठरवून. फाइल पेनड्राइव्हवर, नाव फायनल_नवीन_२_नक्की. उघडली तर एका कॉलमचं हेडिंग नुसतं 'क्षे'. म्हणजे क्षेत्र असणार हे कळलं, पण खाली आकडे असे की कुठे २, कुठे ८०, कुठे ०.८१. आता ज्याच्या घरी शेती आहे त्याच्या लगेच लक्षात येईल की हे तिन्ही आकडे एकाच मापाच्या जमिनीचे असू शकतात, दोन एकर म्हणजे ८० गुंठे आणि सातबारावर तेच ०.८१ हेक्टर आर. एकानं शेतकऱ्याला तोंडी विचारून एकरात लिहिलं, दुसऱ्यानं गुंठ्यात लिहिलं, तिसऱ्यानं सातबारा बघून उतरवलं. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण मध्येच १.२ असा आकडा. हा काय आहे? १.२० हेक्टर, की शेतकरी म्हणतो तसं एक एकर वीस गुंठे, म्हणजे खरं तर दीड एकर? कागदावर १.२० लिहिलेलं असणार आणि शेवटचं शून्य एक्सेलनं खाऊन टाकलं. आणि नुसतं २ लिहिलंय तेही एकर की हेक्टर, देव जाणे. याच कॉलमनं भागून तिला एकरी उत्पादन काढायचं होतं!

बरं मग त्या चार पोरांना विचारावं, तर एक पुण्यात कंपनीत लागलेला, एकीचं लग्न झालेलं, एकाचा नंबर बंद, आणि एक म्हणाला ताई मला आता नाही आठवत. मुलीचा दोष किती आणि सिस्टिमचा किती? मला विचाराल तर तिला तीन वर्षांत एकदाही, कोणीही, हे विचारलंच नव्हतं की बाई तू माहिती गोळा करणार ती कुठल्या एककात लिहिणार, कुठे ठेवणार, कोण कोण बघणार आणि थेसिस झाल्यावर तिचं काय करणार. सिनॉप्सिसच्या वेळी, म्हणजे संशोधनाचा आराखडा मंजुरीला देताना, विचारलं होतं उद्दिष्टं किती, गृहीतकं किती, नमुना निवड कशी, संदर्भग्रंथ किती. प्लेजरिझमचं, म्हणजे मजकुराच्या उचलेगिरीचं, तर विचारूच नका, युजीसीचा २०१८ चा नियम आल्यापासून दुसरीकडे जुळणारा मजकूर १० टक्क्यांच्या आत बसवायला पोरं वाक्यं उलटी-पालटी करत रात्र रात्र बसतात. वाक्य कोणाचं हे तपासायला सॉफ्टवेअर आहे आणि आकडा कुठून आला हे तपासायला कोणीच नाही.

बाहेरच्या देशांत हे प्रकरण निदान कागदावर तरी आहे. अमेरिकेत संशोधनाला पैसे देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं जानेवारी २०११ पासून प्रत्येक प्रपोजलसोबत डेटा मॅनेजमेंट प्लॅन (डेटा कसा सांभाळणार याचा आराखडा) मागायला सुरुवात केली, जास्तीत जास्त दोन पानं. त्यांच्याकडची आरोग्य संशोधनाला पैसे देणारी एनआयएच ही संस्था पण २५ जानेवारी २०२३ पासून तेच मागते. तिथेही लोक मित्राचा प्लॅन कॉपी-पेस्ट करत असतील, माणूस सगळीकडे सारखाच. पण निदान कोणत्या फाइली होणार, कोण सांभाळणार, शेवटी कुठे ठेवणार हे प्रश्न पहिल्या दिवशी समोर तर येतात.

आणि हे फक्त आपल्याकडचे रडगाणे नाही हं. २०१४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी वनस्पती आणि प्राण्यांवरचे ५१६ पेपर घेतले, दोन वर्षांपासून बावीस वर्षांपर्यंत जुने, आणि लेखकांना मेल करून मूळ डेटा मागितला. तर पेपर जितका जुना तितकं डेटा मिळणं अवघड, ती शक्यता वर्षाला सुमारे १७ टक्क्यांनी घसरत गेलेली. कोणाचा मेल बंद, कोणाचा डेटा अशा डिस्कवर की आता ती वाचायला मशीनच नाही. क्योटो युनिव्हर्सिटीत तर डिसेंबर २०२१ मध्ये सुपरकॉम्प्युटरचा बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामनंच सुमारे ७७ टेराबाइटच्या फाइली पुसून टाकल्या, राखणदारानंच गोठा मोकळा केला म्हणा ना. म्हणून तर तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक वेगळ्या जागी असा साधा नियम सांगतात. आमच्याकडे तीन प्रती असतात, पण तिन्ही एकाच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर.

उलटं उदाहरण पण सांगते, ते मला फार आवडतं. हार्वर्डच्या कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोघांचा २०१० चा कर्जावरचा पेपर, देशावर कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढ मंदावते असं सांगणारा, जगभर मंत्री लोक त्याचा दाखला द्यायचे. थॉमस हर्नडन नावाच्या मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीतल्या एका विद्यार्थ्याला तेच गणित करून ते आकडे येईनात, त्यानं त्यांच्याकडे एक्सेल मागितली, त्यांनी दिली, आणि २०१३ मध्ये कळलं की सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देश सुटलेत (वजन कसं द्यायचं वगैरे आणखी वाद होते, ते सोडा). लोक हा किस्सा सांगून हसतात की बघा हार्वर्डवाल्यांची चूक. मी म्हणते फाइल जागेवर होती, मागितल्यावर दिली, म्हणून चूक सापडली तरी. आपल्याकडे किती जणांना पाच वर्षांपूर्वीच्या थेसिसची फाइल मागून मिळेल? शोधगंगा या वेबसाइटवर थेसिसची पीडीएफ मिळते, फार चांगली सोय आहे, पण पीडीएफमध्ये टेबल असतं, टेबल ज्यातून आलं ते नसतं.

मला रोज दिसणाऱ्या आणखी गमती सांगते. उत्तर दिलं नाही तर ९९ लिहायचं असं ठरवलेलं असतं, ते अॅनालिसिस करणाऱ्याला कोणी सांगत नाही, आणि मग गावातल्या बाईला सरासरी सात मुलं निघतात. तारीख एकानं दिवस-महिना लिहिली, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरनं महिना-दिवस वाचली, ५ मार्चचा ३ मे झाला. गावाचं नाव पिंपळगाव, आता जिल्ह्यात पिंपळगाव किती? पंचायत राज मंत्रालयाच्या डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड नंबर आहे, तो एक कॉलम वाढवला की प्रश्न मिटला, पण सांगणार कोण. आणि मराठीत मुलाखती घेणाऱ्यांचा वेगळाच ताप, दहापंधरा वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या मुलाखती, युनिकोड नसलेल्या फॉन्टात, आज उघडल्या तर नुसते चौकोन आणि चित्रविचित्र अक्षरं. मुलाखत देणारी आजी गेली, टेप गेली, आणि टायपिंग असून वाचता येत नाही. याच्या उलट डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं ते इंटरनेटवर ठेवलंय, कोणालाही बघता येतं, म्हणजे ठरवलं तर मराठीत पण होतं.

गुप्ततेचं तर बोलायलाच नको. संमतीपत्रावर छान मराठीत लिहिलेलं असतं की आपली माहिती गोपनीय ठेवण्यात येईल, बाई अंगठा उठवते, आणि तीच यादी नाव, जात, उत्पन्न, मोबाइल नंबरसकट मला व्हॉट्सअॅपवर येते. एकदा एका सरांनी एचआयव्ही पेशंटांची यादी अशीच पाठवली होती, मी डिलीट करून त्यांना फोन केला, तर म्हणाले अहो मॅडम तुम्ही आपल्याच आहात! २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात संशोधनाला काही सवलत आहे, पण सवलत असली म्हणून त्या बाईला दिलेला शब्द मोडायचा का? नावं एका फाइलीत, उत्तरं दुसऱ्या फाइलीत, मध्ये फक्त नंबर, आणि नावांची फाइल पासवर्ड लावून एकाच माणसाकडे. याला पैसा लागत नाही, फक्त आधी ठरवावं लागतं. फॉर्म भरून झाल्यावर हे करायला गेलं की दुप्पट मेहनत.

काही गाइड म्हणतात हे प्लॅन वगैरे सायन्सवाल्यांचं, आमचा विषय सामाजिक. कोणी म्हणतं डेटाचा प्लॅन दिला म्हणजे डेटा वाटावा लागेल आणि दुसराच कोणी पेपर छापून मोकळा होईल. ही भीती खोटी नाही, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्लॅनमध्ये असं पण लिहिता येतं की थेसिस मिळाल्यावर दोन वर्षांनी देईन, किंवा मुलाखती देणारच नाही कारण माणसं ओळखू येतील, फक्त प्रश्नावली आणि कोडिंगची यादी (कुठल्या उत्तराला कुठला नंबर दिला ती) देईन. द्यायचं ठरलं तर जागा पण आहेत, समाजशास्त्रांसाठी आयसीएसएसआरची (भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची) डेटा सर्व्हिस आहे, युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेचं झेनोडो आहे, तिथे फाइली ठेवणं फुकट आहे. फक्त कॉलेजच्या मेलला जोडलेल्या ड्राइव्हवर भरवसा ठेवू नका, कॉलेज सुटलं की मेल बंद आणि मेल गेला की ड्राइव्ह गेला, माझ्याकडे असे तीन जण रडत आलेत.

माझी मागणी मोठी नाहीये. संशोधन मान्यता समितीसमोर सिनॉप्सिस जाते तेव्हा सोबत एक पान लागू करा, मराठीत चालेल, हातानं लिहिलेलं चालेल. काय गोळा करणार, कुठल्या एककात, फाइलींची नावं कशी देणार, कॉपी कुठे कुठे, नावं कोण बघणार, संपल्यावर काय. आणि खर्चात हार्ड डिस्कचे चारपाच हजार मोकळेपणानं धरू द्या, ते कंटिन्जन्सीत, म्हणजे किरकोळ खर्चात, लपवायला लावू नका. पण नुसतं पान घेऊन फाइलला लावलं तर त्याचा पण एक फॉरमॅट झेरॉक्सच्या दुकानात दहा रुपयांना मिळायला लागेल, मला माहितीय. म्हणून दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती सांगायला विद्यार्थी उभा राहतो ना, तिथे पीपीटीच्या आधी त्याला म्हणा, मूळ फाइल उघड, हा कॉलम काय आहे सांग. पाच मिनिटं. सांगता आलं नाही तर तेव्हाच दुरुस्त होईल, फॉर्म भरणारी पोरं पुण्याला जायच्या आत. माझा धंदा थोडा कमी होईल, होऊ दे.

त्या मुलीचं काय झालं ते राहिलंच. मूळ फॉर्म नशिबानं रद्दीत गेले नव्हते, त्यांच्या घरी माळ्यावर ज्वारीच्या पोत्यांशेजारी होते, काही उंदरांनी कुरतडलेले. अकरा दिवस बसून तिनं आणि तिच्या भावानं प्रत्येक फॉर्म परत बघितला, ६१ फॉर्मवर शंका राहिली, शेतकऱ्यांना फोन लावले, तरी १४ सुटलेच नाहीत, ते काढून टाकले आणि ३९८ वर काम केलं. काढले हे थेसिसमध्ये लिहायला तिचे गाइड नको म्हणत होते, तिनं लिहिलं. सबमिट झाल्यावर फाइल मी पण ठेवून घेतली. पहिल्या शीटवर तिनं आता सगळ्यात वर टाइप केलंय, 'क्षेत्र एकरात आहे. १.५ म्हणजे एक एकर वीस गुंठे.'

आपली,
अॅनालिसिस करून देणारी एक वाचक, अंबाजोगाई
(नाव छापू नये ही विनंती, गिऱ्हाइकं गाइड लोकांचीच असतात.)