डिशवॉशरवर बंदी घालण्याआधी डक्टमधला व्हॉल्व्ह तपासावा

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती, ए विंग

विषय : रात्री ९ नंतर डिशवॉशर लावण्यास मनाई करण्याचा प्रस्ताव

महोदय,

सूचना फलकावरचा प्रस्ताव वाचला. ज्यांची झोपमोड होते त्यांची तक्रार रास्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या तक्रारींत दोन निराळे आवाज एकत्र मोजले गेले आहेत. खरखर, टकटक, घरघर हे आवाज मशीनचे असतात आणि ते ज्याच्या त्याने घरी दुरुस्त करायचे असतात. भिंतीतून ‘ठक्’ असा येणारा दणका मात्र पाइपांचा आहे. मनाई करून तो थांबणार नाही, कारण वॉशिंग मशीन पाणी घेते तेव्हाही तोच दणका बसतो.

मशीनमध्ये पाणी सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह क्षणात बंद होतो. पाइपातून धावणारं पाणी जागच्या जागी अडतं आणि त्याचा सगळा जोर पाइपावर येतो. सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी असं अडलं, तर लोखंडी पाइपात क्षणभर १० बारहून जास्त (बार हे दाबाचं माप) जादा दाब उसळतो. सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाइप थोडा लवचिक असल्यामुळे त्यात तो निम्म्याच्याही खाली येतो. पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प सैल असेल तर पाइप हलून स्लॅबच्या भोकाच्या कडेवर आपटतो, आणि हा आवाज वरखाली दोन-तीन मजले सहज जातो. खात्री करायची असेल तर मशीन बंद ठेवून स्वयंपाकघरातला एका दांडीचा नळ पूर्ण सोडा आणि झटक्यात बंद करा. तसाच ‘ठक्’ आला तर त्यात डिशवॉशरचा दोष नाही.

आपल्या १८ मजल्यांना गच्चीवरच्या टाकीतून पाणी येतं. दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब वाढतो. म्हणजे दुसऱ्या मजल्यावर जवळजवळ ५ बार पोचतो. तो कमी करण्यासाठीच डाउनटेक लाइनवर, म्हणजे टाकीतून डक्टमधून खाली येणाऱ्या पाइपांवर, प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह बसवलेले आहेत. या व्हॉल्व्हच्या आतल्या सीटवर, म्हणजे तो बंद होताना जिथे टेकतो त्या जागी, वाळूचा कण अडकला, की नळ चालू असताना दाब ठीक दिसतो, पण सगळे नळ बंद झाल्यावर हळूहळू चढत जातो. म्हणून सकाळी ७ वाजता, नळ चालू असताना, घेतलेलं रीडिंग इथे उपयोगाचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या वॉशिंग मशीनच्या पाऊण इंची नळाला ० ते १० बारचा गेज (दाब दाखवणारं मीटर) लावून रात्री १ ते ४ ठेवावा. काटा ३ बारच्या आसपास स्थिर राहिला तर व्हॉल्व्ह चांगला आहे. साडेचार-पाचपर्यंत चढला तर प्लंबरकडून व्हॉल्व्ह उघडून सीट आणि डायफ्रॅमचं (आतल्या पडद्याचं) किट बदलून घ्यावं, आणि त्याच्या आधी बसवलेली गाळणी धुवावी. टँकरचं पाणी घेतो त्या महिन्यांत ही गाळणी लवकर भरते. त्याच फेरीत डक्टमधले क्लॅम्प रबराच्या पट्टीसह आवळून घ्यावेत. हा दणका नुसता कानाला त्रास देत नाही, त्याने पाइपांचे जोड सुटतात. नंतर भिंत फोडून गळती शोधण्याचा खर्च सोसायटीलाच येतो.

तोपर्यंत ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी ओट्याखालचा अँगल कॉक (मशीनला पाणी देणारा छोटा नळ) थोडा आवळावा. वेग कमी झाला की दणकाही कमी होतो. फार आवळला तर मशीन पाणी मिळत नसल्याची खूण दाखवून थांबतं. १० लिटरची बादली एका मिनिटात भरेल इतका प्रवाह ठेवावा. एवढं करूनही आवाज राहिला तर कॉक आणि नळी यांच्यामध्ये वॉटर हॅमर अरेस्टर (पाण्याचा दणका झेलणारा छोटा भाग) बसवता येतो.

आता मशीनच्या आवाजांबद्दल, म्हणजे सभासदांना पाठवायच्या सूचनेत हे घालता येईल. धुताना ठरावीक तालात टकटक येत असेल तर फिरणारा फवारा झाऱ्याच्या किंवा कढईच्या दांड्याला लागतो आहे. दार लावण्याआधी दोन्ही फवारे हाताने एकदा फिरवून पाहावेत. गुडगुड आणि मध्येच हवा ओढल्यासारखा आवाज आला तर बहुधा एखादं पातेलं उलटून तोंड वर झालेलं असतं आणि मशीनचं पाणी त्यातच साठतं. हाताने भांडी घासायचं लिक्विड घातलं असेल तर फेसामुळेही असंच होतं; तेव्हा प्रोग्राम रद्द करून पाणी काढून टाकावं.

पाणी बाहेर टाकताना खरखर झाली तर पंपात काहीतरी अडकलं आहे: चिंचोका, हाडाचा तुकडा, काचेची कपची. आधी प्लग काढावा. गाळणी बाहेर घ्यावी, तळाचं पाणी स्पंजने टिपावं, पंपावरचं झाकण चमच्याने उचकटावं. काच असू शकते, म्हणून जाड हातमोजा घालावा. आतला पंखा बोटाने फिरवताना अडखळत, झटके देत फिरतो. तो चुंबकामुळे तसाच फिरतो, त्याला बिघाड समजून मेकॅनिक बोलावू नये. झाकण परत ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबावं, नाहीतर पाणी उपसलंच जात नाही. पाणी टाकायची नळी थेट जमिनीतल्या सांडपाण्याच्या नहाणी ट्रॅपमध्ये खुपसण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे, ती बंद करायला सांगावं. तशा नळीतून भरलेलं पाणी आपोआप ओढलं जातं आणि मशीन पुन्हा पुन्हा पाणी घेत राहतं, म्हणजे तितक्या वेळा व्हॉल्व्ह आपटतो. नळीचा वळसा मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर, बहुतेक मशीनांत जमिनीपासून ४० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान, बांधावा.

मशीन डुगडुगत असेल तर पाय फिरवून चारही टेकवावेत आणि पुढे-मागे, आडवी-उभी लेव्हल पाहावी. मशीनचा माथा ग्रॅनाइटच्या ओट्याला किंवा पाठ भिंतीला टेकली असेल, तर थरथर थेट भिंतीत उतरते. महिनोन्‌महिने वाढत गेलेली सलग घरघर मात्र धुण्याच्या मोटरच्या बेअरिंगची असते, ती घरी दुरुस्त होत नाही.

डेसिबलबद्दल एक विनंती. मशीनच्या लेबलवरचा आकडा मशीनमधून निघणाऱ्या ध्वनिशक्तीचा असतो. शेजारच्या खोलीत मोबाइल अॅपने घेतलेला आकडा त्याच्याशी ताडून दंड लावू नये. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये रहिवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ही ४५ डेसिबलची मर्यादा परिसरातल्या आवाजाची आहे, तीही घरातल्या यंत्राला जशीच्या तशी लावता येत नाही.

तेव्हा मनाईचा ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवावा आणि त्याआधी दुसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या मजल्यावर रात्रीचा दाब मोजून आकडे फलकावर लावावेत. इको प्रोग्राम तीन-चार तास चालतो, म्हणून तो संध्याकाळी ६ च्या आत सुरू करावा किंवा टायमरने सकाळी ६ नंतर लावावा, ही शिस्त आम्ही मशीनवाले सभासद आजपासून पाळू. टाकी धुण्याच्या दिवशी सर्वांनी मशीनचा कॉक बंद ठेवावा आणि तो उघडण्याआधी दुसऱ्या नळातून गढूळ पाणी बादलीत सोडून द्यावं, असंही त्या सूचनेत लिहावं. तो गाळ मशीनच्या नळीतल्या जाळीत अडकला की शिट्टीसारखा आवाज सुरू होतो.

गेज लावण्यासाठी दुसऱ्या मजल्यावरचा माझ्या घरातला नळ कोणत्याही रात्री वापरता येईल.

आपला,
सभासद, दुसरा मजला, ए विंग