भात, पॉपकॉर्न आणि तुझी वही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग जरा काळजी वाटली. शंभर ग्रॅम भातात १३० कॅलरी आणि तेवढ्याच पॉपकॉर्नमध्ये ३८७, असं वहीत मांडून तू संध्याकाळचं पॉपकॉर्न बंद केलंस आणि त्या जागी वाडगाभर भात सुरू केलास! आकडे बरोबर आहेत रे. तुला फसवलं ते पाण्यानं.

शिजलेल्या भातात ६८ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पॉपकॉर्नचं उलट. मक्याच्या दाण्यात साधारण १४ टक्के ओल असते. तापमान १८० अंशांजवळ गेलं की तिची वाफ टरफल फोडते आणि हातात उरते कोरडी ठणठणीत लाही. म्हणजे तू एका पारड्यात ओला टॉवेल ठेवलास, दुसऱ्यात वाळलेला. कच्चे तांदूळ तोलले असतेस तर त्यांच्याही शंभर ग्रॅमला ३६० च्या घरात कॅलरी निघाल्या असत्या.

आणि शंभर ग्रॅम पॉपकॉर्न एका बैठकीत खातो कोण? बिनतेलाच्या पॉपकॉर्नचा एक कप भरतो जेमतेम आठ ग्रॅम, कॅलरी ३१. कपभर भातात त्या दोनशेच्या वर जातात.

तुलना करायचीच तर सारख्या कॅलरींची कर. सिडनी विद्यापीठात १९९५ मध्ये तसंच केलं होतं. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरींचा द्यायचा आणि पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं ते विचारायचं. पांढऱ्या पावाला १०० धरलं, तर भात १३८, पॉपकॉर्न १५४ आणि उकडलेला बटाटा चक्क ३२३! एकेका पदार्थाला दहा-बाराच माणसं होती, तेव्हा या आकड्यांवर पैज लावू नकोस. पण ज्याला आपण ‘हलकं’ म्हणतो ते भाताच्या मागे नाही, एवढं दिसतं.

२४० कॅलरींचं पॉपकॉर्न म्हणजे सुमारे आठ कप. त्यात प्रथिनं आठ ग्रॅम, तंतू (फायबर) नऊ ग्रॅम. तेवढ्याच कॅलरींच्या पांढऱ्या भातात प्रथिनं पाच, तंतू एक ग्रॅमसुद्धा नाही. लाहीत अख्खा दाणा असतो (दातात अडकणारं ते टरफलही कामाचंच!), तर तांदळाचा कोंडा गिरणीतच राहतो. तो कोंडा नसल्यापायीच जावा बेटावर आइकमान नावाच्या डच डॉक्टरला कोंबड्या लुळ्या पडलेल्या दिसल्या. कोंडा काढलेला पांढरा तांदूळ खाऊन त्या आजारी पडत, कोंडा मिळाला की सुधारत. पुढे १९२९ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आता लगेच रात्रीच्या जेवणाला पॉपकॉर्न नको हं! मक्याच्या प्रथिनांत लायसिन (शरीराला अन्नातूनच मिळवावा लागणारा प्रथिनांचा एक घटक) भातापेक्षाही कमी. आणि भात एकटा कधी येतो? डाळ, भाजी, काही ना काही सोबत आणतो. पॉपकॉर्न सोबत आणतं मीठ आणि लोणी. तेलात फोडलेलं असेल तर शंभर ग्रॅमला पाचशेच्या आसपास जातं, म्हणजे तुझ्या वहीतला ३८७ चा आकडा तुझ्या भांड्यातल्या पॉपकॉर्नचा नाहीच.

तू ते जेवणाऐवजी खात होतास की जेवून झाल्यावर? पत्रात ही गोष्ट तू सोयीस्करपणे गाळलीस. मी मात्र कबूल करतो, परवा पोटभर जेवून वर अख्खं भांडं संपवलं. तुझं भांडं किती कपांचं आहे, ते मोजून कळव.

तुझाच,
जुना मित्र