माशीचा विषाणू आणि मुंगीची बुरशी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात परजीवी गांधीलमाशीला क्रूर आणि पाने कापणाऱ्या मुंगीला कष्टाळू शेतकरी ठरवून तू मोकळा झालास. डार्विनलाही ही माशी सलत होती. जिवंत सुरवंटाला आतून खाणारी जात दयाळू परमेश्वराने मुद्दाम घडवली असेल हे पटत नाही, असे त्याने 1860 साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिले होते. मला मात्र दोघींत साम्यच अधिक दिसते. मुंग्यांचा वंश गांधीलमाश्यांतूनच निघाला हे तर आहेच. शिवाय दोघींचाही संसार एका सूक्ष्म सोबत्यावर चालतो आणि तो सोबती आईकडून लेकीकडे जातो.

उत्तर अमेरिकेतील कोटेशिया काँग्रेगाटा ही जेमतेम काही मिलिमीटरची माशी तंबाखूवरील बोटाएवढ्या हिरव्या सुरवंटाच्या अंगात अंडी घालते. सुरवंटाच्या रक्तपेशी एरवी अशा अंड्यांना वेढून मारतात. पण अंड्यांबरोबरच माशी विषाणूचे कण सोडते आणि ते ही प्रतिकारशक्ती लुळी करून टाकतात. हा विषाणू सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी तिच्या पूर्वजांच्या जनुकांत शिरला आणि तिथेच वस्तीला राहिला. आता त्याचे कण फक्त तिच्या अंडाशयात तयार होतात, सुरवंटात त्यांची संख्या वाढत नाही. आत पोसलेल्या माशीच्या अळ्या सुरवंटाची कातडी भेदून बाहेर येतात व त्याच्याच पाठीवर पांढरे कोष विणतात. तो आणखी काही दिवस जगतो, पण अन्नाला शिवत नाही.

अमेरिका खंडातील अट्टा ही पाने कापणारी मुंगी पानांच्या लगद्यावर बुरशी वाढवते आणि तिच्या अळ्या त्या बुरशीवरच पोसल्या जातात. हे गुपित इंग्रज निसर्ग-अभ्यासक थॉमस बेल्टने निकाराग्वात ओळखून 1874 साली छापले. नवी राणी उड्डाणाला निघताना, विरजण न्यावे तसा, माहेरच्या बुरशीचा कण तोंडातल्या खळगीत नेते. तो मेला की वसाहत उभी राहत नाही.

सुरवंट मरतो आणि बुरशी जगवली जाते, हा फरक मी नाकारत नाही. पण ब्राझीलमधील शेतकऱ्याला ही कष्टाळू मुंगी कीडच वाटते. उलट तू स्वतः उसाच्या पानांना परजीवी माशीची अंडी-कार्डे, म्हणजे ट्रायकोकार्डे, अडकवतोस; त्यांतून निघणारी ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी तुझ्या क्रूर मंडळींपैकीच आहे. खोडकिडीच्या अंड्यातच ती आपले अंडे घालते, त्यामुळे कीड उसात शिरण्याआधीच संपते. तेव्हा कार्डे लावल्यावर कीटकनाशकाची फवारणी तेवढी टाळ.

तुझा,
अरविंद