चष्मेवाले काका, मी तुमच्यावर संशय घेतला होता

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन बोलायला गेले तर "राहू द्या हो ताई" म्हणत तुम्ही पोराला चहा आणायला पिटाळाल आणि विषय तिथेच संपेल. म्हणून हे उघड पत्र. नाव लिहीत नाही. राजवाड्यामागच्या गल्लीतलं ते जुन्या आरशांचं दुकान ज्याला कळायचं त्याला कळेल.

आभार मानायच्या आधी कबुली देते. त्या दिवशी तुमच्या दुकानातून बाहेर पडताना मी लेकीला म्हटलं होतं, "चष्मे विकणारा माणूस लेझर करा म्हणेल का? त्याचं पोट आहे त्याच्यावर."

आठवतंय ना, आम्ही का आलो होतो? हिच्या चष्मा घालवायच्या लेझर ऑपरेशनची तारीख ठरली होती. पुण्याहून नणंदबाईंचे रोज फोन, "चष्मा घालवून टाका, फोटो बरे येतील, स्थळं बघायचीत ना?" मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. एका ठिकाणच्या शिबिरात नंबर काढला, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, जाडी मोजली, पुरेशी आहे म्हणाले, सवलतीचं पॅकेज सांगितलं आणि मी पाच हजार ॲडव्हान्स भरून मोकळी झाले. बाकीच्या तपासण्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी होतील, असं सांगितलं होतं. त्याआधी दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवायची होती, कारण लेन्सच्या दाबाने बुबुळावरचा पडदा जरा आकार बदलतो आणि मापं चुकतात. घरातल्या चष्म्याची काडी तुटलेली. पंधरा दिवसांपुरता स्वस्तातला एखादा करून द्या, एवढंच माझं मागणं होतं.

तुम्ही हिला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलंत. कॉम्प्युटरचं मशीन बाजूलाच होतं, पण तुम्ही हातातला तो जुना रेटिनोस्कोप काढलात आणि किती वेळ डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवत राहिलात. मी घड्याळ बघत होते. मग म्हणालात, "उजेड सरळ सरकत नाहीये. कात्रीच्या पात्यांसारखा उघडझाप करतोय." आणि कपाटातून वही काढलीत. हिचे पाचवीपासूनचे नंबर, तुमच्या तिरक्या अक्षरात. सिलिंडरचा, म्हणजे तिरकस नंबर तीन वर्षांत पाऊणवरून पावणेतीनवर गेला होता. "माझंही चुकलं," तुम्ही म्हणालात, "मागच्या खेपेलाच लक्षात यायला हवं होतं."

मग तुम्ही हिला विचारलंत, "बाळ, डोळे फार चोळतेस का गं?"

उत्तर मी दिलं. लहानपणापासून चोळते, धूळ सोसत नाही, मनगटाने रगडते. मी त्यावर शंभरदा ओरडले असेन, पण काजळ फिसकटतं म्हणून.

तुम्ही चष्मा बनवून दिलाच नाही! "आत्ता पैसे घालू नका, नंबर थाऱ्यावर नाही. मी डॉक्टर नाही, पण टोपोग्राफी, म्हणजे पडद्याच्या आकाराची तपासणी, केल्याशिवाय लेझरच्या टेबलावर पोरीला झोपवू नका." चिठ्ठी लिहून दिलीत आणि तुटलेली काडी फुकट जोडून दिलीत. हातचं गिऱ्हाईक घालवणाऱ्या माणसावर मी धंद्याचा आरोप केला. हे मला घरी पोहोचल्यावर, गॅसवर कुकर ठेवताना लक्षात आलं.

टोपोग्राफीचा रंगीत नकाशा डॉक्टरांनी समोर ठेवला तेव्हा मधोमध हिरवं दिसायच्या जागी दोन्ही डोळ्यांत खालच्या बाजूला तांबडा डाग होता. केराटोकोनस. पडदा तिथे पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, आणि डोळे चोळण्याने ते वाढू शकतं. साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडी असते. हिची सर्वांत पातळ जागी 470 भरली. लॅसिकमध्ये, म्हणजे त्या लेझर ऑपरेशनमध्ये, पडद्याचा वरचा पापुद्रा उचलतात आणि खालचा थर लेझरने झिजवतात, एका नंबरामागे अंदाजे 15 मायक्रॉन. निरोगी डोळ्याला ते सहज पेलतं. हिच्यासारख्या डोळ्यात मुळातच कमजोर झालेली भिंत आणखी तासली गेली असती आणि फुगवटा वाढत गेला असता. कदाचित त्या लोकांनीही ऑपरेशनच्या सकाळी ते पकडलं असतं. असेलही. पण त्या "कदाचित"वर मी लेकीचे डोळे ठेवले होते.

तुम्ही लेझरला मात्र नावं ठेवू दिली नाहीत. मी दुसऱ्यांदा आले ती तावातावाने बोलत, तर तुम्हीच मला थांबवलंत. 193 नॅनोमीटरचा तो एक्झायमर किरण आजूबाजूला न भाजता किती स्वच्छ कापतो, हे ज्यांनी 1981 मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत दाखवलं ते रंगस्वामी श्रीनिवासन आपल्या मद्रासचे, आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी तो आजमावला होता, हे तुम्ही असं रंगवून सांगितलंत की काउंटरवरची दोन गिऱ्हाइकं ताटकळली. तुमच्या पुतण्याने लॅसिक करून घेतलंय आणि तो मजेत आहे, हेही तेव्हाच कळलं.

हिचं क्रॉसलिंकिंग, म्हणजे पडदा घट्ट करायचा उपचार, झालं. पडद्यावरची नाजूक साल काढून अर्धा तास रायबोफ्लेविनचे पिवळे थेंब, म्हणजे तेच बी-टू जीवनसत्त्व, आणि मग अतिनील प्रकाश. साल काढल्यावरही जाडी 400 च्या वर होती म्हणून ते नेहमीच्या पद्धतीने करता आलं. पहिले तीन दिवस वाईट गेले. खिडक्यांना चादरी लावून पोर उशीत तोंड खुपसून पडलेली. महिन्याभराने दुसरा डोळा, पुन्हा तेच. नंबर काही गेला नाही, तो जाणार नव्हताच. पुढे सरकणं थांबावं एवढ्यासाठीच ते केलं. दोन तपासण्यांत आकडा जागेवर आहे. आता ती कडक आरजीपी लेन्स लावते, घरी आली की चष्मा. डोळे खाजले की थेंब घालते, आणि मी नुसती तिच्या हाताकडे बघत असते.

नणंदबाईंना फोटो पाठवला, चष्म्यातला.

पुढच्या सोमवारी आम्ही दोघी येतोय. वहीत हिच्या नावापुढे नवा नंबर लिहून घ्या आणि या वेळी चष्मा बनवा, चांगल्या फ्रेमचा. मी घासाघीस करणार नाही. म्हणजे, फार नाही.

आपली,
रामबागेतली एक आई