एसटीने फिरणारे आबा

संपादक महाशय,
हल्ली कुठल्याही गावात शिरलं की आमदाराचा फोटो आधी आणि रस्ता नंतर दिसतो, तेव्हा हटकून सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, आठवतात. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले आणि एकाच मतदारसंघातून ११ वेळा आमदार झाले, तेही शेकापसारख्या (शेतकरी कामगार पक्ष) छोट्या पक्षातून, लाटा आल्या नि गेल्या पण आबांनी पक्ष काही सोडला नाही. मधे पराभवही झाला, १९७२ ला आणि १९९५ ला, पण लोकांनी परत आणलंच.

त्यांच्या साधेपणाचं, एसटीच्या प्रवासाचं कौतुक सगळेच करतात, मला विचाराल तर खरं काम पाण्याचं. दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या जोडीने त्यांनी कृष्णेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडण लावून धरलं. शिवाय सूतगिरणी उभी केली आणि ती नीट चालवूनही दाखवली (सहकारात हे किती अवघड आहे ते वेगळं सांगायला नको).

आता आमदार निधी वर्षाला ५ कोटींचा झालाय. तो कुठल्या कामावर गेला याचा हिशोब वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवा, एवढंच आमचं मागणं आहे, फोटो तेवढा छोटा चालेल.

– एक वाचक