होमरन मोजून पोरगं पारखता येत नाही

माननीय संपादक,

जुलै आला की अमेरिकेतल्या बेसबॉल ड्राफ्टची (प्रो टीम आळीपाळीनं नवे प्लेयर निवडतात त्याची) छोटीशी बातमी आपल्याकडच्या पेपरातही कधीकधी दिसते, आणि त्यात शाळेतल्या कुठल्यातरी धिप्पाड मुलानं किती होमरन (आपल्या सिक्सरसारखे, कुंपणापलीकडे गेलेले फटके) मारले तेवढंच असतं. मी न्यू जर्सीत राहतो, मुलगा हायस्कूलच्या टीममध्ये आहे, त्यामुळे गेली तीन वर्षं मार्च-एप्रिलच्या थंडीत कुडकुडत मॅच बघतोय आणि अधूनमधून शेजारी वही घेऊन बसलेले स्काउटही, म्हणजे प्रो टीमसाठी पोरं हेरणारे लोकही, बघतोय, म्हणून लिहावंसं वाटलं.

बॉल कुंपणापलीकडे गेला की आम्ही पालक उड्या मारतो, स्काउट मात्र आधी बघतो की टाकणारा कोण होता आणि बॉल कसला होता. शाळेतले बरेच पिचर (बॉल टाकणारे) ताशी ८० मैलांच्या आसपास टाकतात, मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या प्रो लीगमध्ये, ९५ म्हणजे रोजचंच. शिवाय शाळेत बॅट ॲल्युमिनियमची, पुढे लाकडाची, त्यात बॉल नीट मधोमध बसला नाही तर नुसत्या दंडाच्या जोरावर काही होत नाही. स्काउट मार्क देतात २० ते ८० मध्ये, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी प्लेयर, आणि अंगातल्या ताकदीला वेगळे मार्क, ती मॅचमध्ये किती उतरते त्याला वेगळे, बॉल बॅटला लागतो किती त्याला अजून वेगळे. माझ्या मते हे शेवटचे मार्क सगळ्यात जास्त बघायला हवेत आणि नेमके तेच बातमीत नसतात.

जोई गॅलोचं बघा. लास वेगसच्या बिशप गोरमन शाळेकडून ६५ होमरन, नेवाडा राज्याचा रेकॉर्ड. २०१२ मध्ये टेक्सस रेंजर्सनी ३९व्या नंबरवर घेतला. ताकद शंभर टक्के खरी निघाली, २०१७ मध्ये ४१ होमरन आणि २०१८ मध्ये ४०, पण त्याच दोन वर्षांत स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) १९६ आणि २०७, ॲव्हरेज, म्हणजे यशस्वी फटक्यांचं प्रमाण, फक्त .२०९ आणि .२०६. बॉल चुकण्याची शंका तो शाळेत असतानाच घेतली जात होती, ती पण खरी निघाली. फील्डिंगसाठी दोन गोल्ड ग्लव्ह अवॉर्ड मिळाले हेही सांगायला हवं, प्लेयर चांगलाच होता.

उलट आमच्याच राज्यातला मिलव्हिलचा माइक ट्राउट. शेवटच्या वर्षी १८ होमरन, पण इथे थंडी-पावसानं मॅच कमी होतात, आणि थंड भागातल्या पोरांवर मोठा पिक (ड्राफ्टमधला वरचा नंबर) लावायला टीम कचरतात. एंजल्स टीमचा स्काउट ग्रेग मोरहार्ट मात्र त्याच्यावर ठाम होता, तो ट्राउटच्या वडिलांबरोबर मायनर लीगमध्ये (मेजरच्या खालच्या प्रो लीगमध्ये) खेळलेला, घरचं पाणी त्याला माहीत होतं. २००९ मध्ये एंजल्सकडे लागोपाठ दोन पिक होते, २४व्याला त्यांनी टेक्ससचा रँडल ग्रिचुक घेतला आणि २५व्याला ट्राउट. पुढे ट्राउट तीनदा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला वर्षाचा सर्वात मोलाचा प्लेयर, झाला, २०१४, २०१६ आणि २०१९ मध्ये.

आपल्या वाचकांना हे समजायला अवघड नाही. कल्याणच्या प्रणव धनावडेनं २०१६ मध्ये शाळेच्या मॅचमध्ये नाबाद १००९ केले तेव्हा आपण सगळ्यांनी त्या १५ वर्षांच्या पोरावर केवढ्या अपेक्षा लादल्या, समोरचे बॉलर कसे होते हे किती जणांनी विचारलं?

इथली मुलं १७-१८ वर्षांची असतात, पैसे घेऊन प्रो व्हायचं की कॉलेजला जायचं हे त्या वयात काही दिवसांत ठरवायचं असतं, आणि त्यात पेपरातले आकडे घरच्यांच्या डोक्यात बसतात. म्हणून विनंती एवढीच, पुढच्या जुलैत अशा मुलाची बातमी छापाल तेव्हा होमरनच्या शेजारी त्याचे स्ट्राइकआउटही छापा.

आपला,
एक नियमित वाचक, न्यू जर्सी