आबांच्या उताऱ्यावरचे दोन शब्द

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आबांचा उतारा मिळाला. गुरुजींनी शाळेचं जुनं रजिस्टर शोधून काढून दिला. धाकट्याच्या जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागत होता, ते काम आता होईल. फिकट शाईत आबांचं नाव आहे आणि पुढे 'हिंदू मांग'. शाळा सोडण्याचं कारण 'सतत गैरहजर'. गैरहजर म्हणजे आबा कुठे होते, ते मात्र त्या रकान्यात नाही. ओढ्यात कुजत घातलेली घायपात बडवून दोरीसाठी वाख काढत होते, हे तुम्हीच सांगितलंय मला.

कारकुनाने दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले. गावात ते कधी शेजारी आलेच नाहीत. आपण बारा बलुतेदारांतले, पोळ्याला अख्ख्या गावाच्या बैलांना नवी वेसण, नवा कासरा आपल्या घरचा. देवळाची पायरी मात्र आपल्याला लांबूनच. आई, तू शिंदीच्या केरसुण्या बांधायचीस. लक्ष्मीपूजनाला त्यांना हळदकुंकू लागायचं, आणि तुझ्या हातावर पैसे वरून टाकायचे. मी तुझा पदर धरून उभी असायचे. तू ओंजळ किंचित वर न्यायचीस, नाणं खाली पडू नये म्हणून. ती ओंजळ मला अजून दिसते.

बाबा, तुम्ही मला पहिलीत घालताना म्हणाला होतात, 'जात विचारली तर माहीत नाही म्हण.' मला राखायला म्हणालात, हे मला कळतं. पण माझ्या पोरीला आता ते सांगू नका, एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलंय.

तिला सांगण्यासारखं आपल्याकडे खूप आहे. इथे पुण्यात माझी बस रोज गुलटेकडीवरून जाते. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या आपल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वय अवघं चौदा. तिने लिहिलंय, पेशवाईत तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर त्याचं मुंडकं उडवून याच गुलटेकडीच्या मैदानात चेंडूसारखं खेळवत. आपल्या बायका उघड्यावर, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होतात, त्यांना थंडीवाऱ्याचा किती त्रास होत असेल, हेही तिने विचारलं. आणि वेद ब्राह्मणांचेच, मग आमचा धर्म कोणता, असा सरळ देवालाच सवाल केला. हे वाचलं त्या दिवशी माझा थांबा मागे पडला.

फुल्यांच्या त्या शाळेला आधार देणाऱ्यांत आपले लहुजी वस्ताद होते. आणि अण्णाभाऊ! वाटेगावातले, शाळा जेमतेम दीड दिवस, तरी त्यांची पुस्तकं जगाच्या भाषांत गेली.

अण्णाभाऊंच्या जयंतीच्या दिवशीच, १ ऑगस्ट २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण, म्हणजे आरक्षणासाठी त्यांच्यात गट पाडणं, राज्यांना करता येईल. आपल्याकडे त्या यादीत ५९ जाती आणि आरक्षण १३ टक्के. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, 'आता आपल्यालाही वाटा मिळेल.' मिळायलाच हवा, मागे राहिलेल्याला त्याचं ताट वेगळं वाढलं पाहिजे, असं मलाही वाटतं. पण त्यासाठी, त्याच आरक्षणात असलेल्या बौद्ध वस्तीशी अबोला धरू नका. धाकटा ज्या कागदावर शिकणार आहे तो बाबासाहेबांमुळे आहे.

दिवाळीला आम्ही सगळे येतोय. माळ्यावरचं चाक भंगारात दिलं नाहीत ना? नायलॉनची दोरी आल्यापासून तुम्ही त्याला हात लावला नसेल. मी लहान असताना चाक फिरवायचे आणि तुम्ही काखेत वाख धरून एकेक पाऊल मागे सरकायचात. दोरी आपल्या दोघांच्या मधे लांबत जायची, तुम्ही पार लिंबापर्यंत पोचायचात आणि तिथून ओरडायचात, 'सोडू नको गं, पीळ जाईल!' या वेळी चाकावर नातीला बसवा. ती हे काय म्हणून विचारेल, शंभरदा विचारेल. जातीच्या नावासकट सगळं सांगा. तुमच्या तोंडून ऐकू दे तिला.

बांधावर घायपात शिल्लक असेल तर आत्ताच तोडून भिजत घाला, कुजायला वेळ लागतो. उताऱ्याची झेरॉक्स सोबत पाठवतेय, मूळ प्रत माझ्याकडे आहे. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

जय लहुजी, जय भीम.

तुमची,
थोरली